ठाण्याच्या डोंगरातील देशी वृक्षांची वाढ आणि जतन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहत असल्यामुळे आमच्या वसाहतीतील आणि आसपासच्या झाडांचे घेर दरवर्षी मोजून वहीत लिहून ठेवण्याचे काम मी काही वर्षांपासून करत आहे. हातात टेप घेऊन झाडाला मिठी मारणारा माणूस दिसला की लोक थांबतात आणि विचारतात. त्यांपैकी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

देशी वृक्ष नेमके कोणाला म्हणायचे?

जी जात माणसाने आणून न लावता एखाद्या प्रदेशात आपोआप उगवते, तेथील पाऊस, माती आणि उन्हाळा यांच्याशी जुळवून घेत पिढ्यानपिढ्या टिकते आणि तेथील पक्षी-कीटकांशी जिचे नाते जुळलेले असते, ती त्या प्रदेशापुरती देशी. ठाण्याच्या डोंगरांच्या बाबतीत साग, ऐन, किंजळ, बिबळा, हेद, कुंभा, असाणा, धामण, कोशिंब, मोह, पळस, पांगारा, काटेसावर आणि कांडोळ ही नावे सहज सांगता येतात. रस्त्याकडेला सर्वाधिक दिसणाऱ्या झाडांपैकी गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले, तर सोनमोहर आग्नेय आशियातला आहे.

‘प्रदेशापुरती’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. देवदार भारतीय आहे, पण ठाण्यात तो देशी नाही. उलट चिंच मुळात आफ्रिकेतली असूनही आपल्या गावगाड्यात इतकी मुरली आहे की तिला परकी म्हणायला जीभ रेटत नाही. परदेशी झाड म्हणजे वाईट झाड असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र जंगलाच्या जतनाचा विचार करताना आधी तेथल्या जातींचा विचार करावा लागतो.

येऊरचे जंगल उन्हाळ्यात वाळल्यासारखे दिसते. ते मरत आहे का?

नाही. हे आर्द्र पानझडीचे जंगल आहे. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलाव्यावर काढावे लागतात, म्हणून पाने गाळून ती पाण्याचा खर्च थांबवतात. याच निष्पर्ण काळात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि कांडोळाचे पांढुरके खोड चांदण्या रात्री लांबूनही उठून दिसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा पूर्वेकडचा, ठाण्याच्या बाजूचा भाग म्हणजे येऊर. मार्चमधला तेथील तपकिरी डोंगर हा जिवंत, विसावलेला डोंगर असतो.

हिमालयातील स्प्रूसवर होणाऱ्या संशोधनाचा उल्लेख तुम्ही नेहमी का करता? ठाण्याशी त्याचा काय संबंध?

स्प्रूस हा सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांचा वृक्ष आहे. पश्चिम हिमालयात, साधारण दोन हजार मीटरच्या वर, देवदार आणि फर यांच्या सोबतीने तो वाढतो. तेथील लोक त्याला रई म्हणतात. तो ठाण्यात उगवणार नाही आणि उगवावा असा प्रयत्नही कोणी करू नये. तरीही त्याच्या अभ्यासातून मिळालेला एक धडा आपल्या फार कामाचा आहे.

रईच्या जंगलात गेलेल्या माणसाला प्रचंड, सरळसोट झाडे दिसतात आणि जंगल सुस्थितीत आहे असे वाटते. वनसंशोधकांनी मात्र खाली वाकून पाहिले, तेव्हा अनेक ठिकाणी मोठ्या झाडांच्या पायथ्याशी रोपेच सापडेनात. न कुजलेल्या सुयांचा जाड थर जमिनीवर साचलेला असतो. त्यात पडलेल्या बीचे कोवळे मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकून जाते. जी रोपे तगतात ती तणाखाली दबतात किंवा गुराढोरांच्या तोंडी जातात. शिवाय भरघोस बी दरवर्षी येत नाही, आणि रोप सुरुवातीला इतके सावकाश वाढते की रोपवाटिकेतही ते काही वर्षे सांभाळावे लागते. आजोबा आहेत, पण नातवंडे नाहीत अशी ही अवस्था आहे. डेहराडूनची १९०६ साली स्थापन झालेली वन संशोधन संस्था आणि शिमल्याची हिमालयीन वन संशोधन संस्था यांच्या कामात नैसर्गिक पुनरुत्पत्तीचा हा प्रश्न महत्त्वाचा राहिला आहे.

येऊरमध्ये फिरताना मी हाच प्रश्न मनात ठेवतो. कारणे वेगळी आहेत. सुयांच्या थराऐवजी येथे वणवा आहे, दाट तण आहे, पायांनी तुडवलेली जमीन आहे. प्रश्न मात्र तोच आहे: मोठ्या झाडाखाली त्याचे पुढचे पीक उभे राहत आहे का?

नाताळात रोपवाटिकेत मिळते ते झाड स्प्रूस असते का?

नसते. ठाणे आणि नवी मुंबईतील रोपवाटिकांत डिसेंबरमध्ये कुंडीत मिळणारे, मजल्यामजल्याने फांद्या असलेले झाड अरौकारिया या प्रजातीचे असते. तिच्या या जाती दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरच्या असून उष्ण, दमट हवा त्यांना मानवते. स्प्रूसला थंडी लागते. हिवाळ्यातही घाम फुटणाऱ्या आपल्या शहरात तो तग धरत नाही.

झाड किती वाढले हे कसे मोजतात?

उंची मोजणे कठीण आणि चुकीला वाव देणारे असते, म्हणून वाढीच्या नोंदीसाठी खोडाचा घेर घेतात. आपल्याकडील वनविभागात तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, मोजण्याची पद्धत आहे. उतारावरच्या झाडासाठी ही उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरतात. बुंध्याशी आधारमुळांच्या भिंती पसरलेल्या असतील, तर त्यांच्या वर, जेथे खोड गोल होते तेथे टेप लावावा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. उदाहरणार्थ, घेर १५७ सेंटिमीटर असेल, तर व्यास ५० सेंटिमीटर.

सांगायला हे सोपे आहे, पण प्रत्यक्षात चुका होतात. आमच्या आवारातील बिबळ्याचा घेर एका वर्षी मागच्या वर्षीपेक्षा कमी भरला. झाड आकसले की काय, असे वाटून मी दोनदा पुन्हा मोजले. मग लक्षात आले की आधीच्या वर्षी टेप एका वेलाच्या वरून गेला होता आणि मागच्या बाजूने चार बोटे खाली घसरलेला होता. तेव्हापासून त्या खोडावर रंगाची एक बारीक रेघ आहे. टेपची खालची कड त्या रेघेवर टेकवायची, वेल आणि सुटी साल हलक्या हाताने बाजूला करायची, एका माणसाने पलीकडे जाऊन टेप आडवा आहे की नाही ते पाहायचे आणि मगच आकडा वाचायचा. खिळा मात्र ठोकू नये. बिबळ्याच्या सालीला जखम झाली की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. ते एकदा पाहिले की पुन्हा कोणी हातोडा उचलत नाही.

दुसरी काळजी महिन्याची. पावसाळ्यात साल आणि लाकूड पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. एका वर्षी ऑगस्टमध्ये आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मोजले, तर जो फरक दिसेल तो वाढीचा नसून पाण्याचा असेल. मी दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोजतो. महिना कोणताही चालेल, पण तो बदलू नये.

घेरावरून झाडाचे वय सांगता येते का?

नुसत्या घेरावरून खात्रीने सांगता येत नाही. एकाच वर्षी लावलेल्या दोन सागांपैकी ओढ्याकाठचा जाड आणि खडकावरचा काटकुळा असतो. वय काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वाढीची वर्तुळे. पण उष्ण प्रदेशातील बऱ्याच झाडांत ती स्पष्ट नसतात.

साग याला सुदैवाने अपवाद आहे. पानगळीच्या काळात त्याची वाढ थांबते आणि पावसाबरोबर पुन्हा सुरू होते, त्यामुळे दर वर्षाचे एक ठळक वर्तुळ उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ठाणे परिसरातील सागाच्या वर्तुळांचा प्रादेशिक हवामानाशी असलेला संबंध अभ्यासला होता आणि तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. पुढे याच संस्थेने केरळमधील सागांच्या वर्तुळांवरून पाचशेहून अधिक वर्षांची नोंद उभी केली आणि त्यात पावसाच्या अवर्षणाच्या खुणा वाचल्या. हिमालयातील देवदार आणि स्प्रूस यांच्या वर्तुळांवरही असेच काम झाले आहे. आपल्या गावच्या सागाने आपल्या पावसाचा जमाखर्च लिहून ठेवला आहे, ही गोष्ट मला आजही थरारून टाकते.

वर्तुळे पाहण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीचा नमुना पोकळ गिरमिटाने काढता येतो, परंतु ते प्रशिक्षित माणसाचे आणि परवानगीचे काम आहे.

देशी झाडे फार हळू वाढतात, म्हणून लावत नाहीत, असे सांगतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. पांगारा, काटेसावर, उंबर ही देशी झाडे चांगल्या वेगाने वाढतात. बिबळा, ऐन, हेद ही मात्र पहिल्या वर्षांत माणसाचा धीर पाहतात.

याचे कारण जमिनीखाली आहे. बिबळ्याचे रोप जंगलात पहिली काही वर्षे दर उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळते आणि पावसाळ्यात बुंध्यातून पुन्हा फुटते. वरून पाहणाऱ्याला ते जिथल्या तिथे दिसते, किंबहुना मेलेलेच वाटते. त्या काळात मूळ जाड आणि खोल होत असते. मुळात पुरेसा साठा झाला की एका पावसाळ्यात फुटलेला कोंब पुढच्या उन्हाळ्यात टिकतो आणि मग झाड सरळ वर जाते. लागवडीनंतर दुसऱ्या वर्षी ‘वाळलेली’ रोपे उपटून तेथे गिरिपुष्प लावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. उपटलेल्या एका रोपाचे मूळ हाताच्या अंगठ्याएवढे जाड होते. हिरवा ठिपका नसलेले रोपही दोन पावसाळे जागेवर राहू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जंगलाला आता सर्वांत मोठा धोका कशाचा आहे?

शहराच्या रेट्याचा धोका सगळ्यांना दिसतो. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ साली अधिसूचित झाले ते त्यामुळेच. परंतु वाढीच्या दृष्टीने पाहिले, तर वणव्याने होणारे नुकसान अधिक खोल असते. फेब्रुवारी ते मे या काळात वाळके गवत आणि पालापाचोळा एका ठिणगीने पेटतो. येथील जंगलात आग आपोआप लागण्याचे प्रसंग विरळा असतात, बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोठा साग किंवा मगरीच्या पाठीसारख्या जाड सालीचा ऐन अशा आगीतून वाचतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जंगल जागेवर असल्यासारखे वाटते. जळून गेलेले असते ते गुडघ्याएवढे पीक. मुळांत साठा असलेली रोपे पुन्हा फुटतात, पण दरवर्षी आग लागली तर तो साठाही संपतो. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणे आणि धूर दिसताच वनविभागाला कळवणे या दोन गोष्टींनी जितकी झाडे वाचतात, तितकी कोणत्याही वृक्षारोपण सप्ताहात लागत नाहीत, असे माझे मत आहे. येऊरच्या पाड्यांवरील आदिवासी बांधवांना वाऱ्याची दिशा आणि पायवाटा ठाऊक असतात. आग विझवण्याच्या कामात त्यांच्या शब्दाला मान असायला हवा.

बिया कधी आणि कोठून गोळा कराव्यात?

राष्ट्रीय उद्यानातून नाही, हे पहिले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय तेथून काहीही उचलून आणता येत नाही, आणि पडलेले बी हे जंगलाचेच भांडवल असते. रस्त्याकडेची, शाळांच्या आणि जुन्या वसाहतींच्या आवारातील देशी झाडे यासाठी पुरेशी आहेत. एकाच झाडाचे सगळे बी घेऊ नये. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे थोडेथोडे घ्यावे, म्हणजे रोपांमध्ये विविधता राहते.

वेळापत्रक जातीनुसार बदलते. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटून कापूस उडू लागण्याआधी उतरवावी लागतात. बिबळ्याची नाण्यासारखी गोल, पंखवाली फळे हिवाळ्यात पक्व होऊ लागतात. मोहाचे बी पावसाच्या तोंडावर पडते आणि काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती संपते, म्हणून ते डब्यात ठेवून ‘पुढच्या वर्षी लावू’ म्हणण्यात अर्थ नाही. कोशिंब आणि पळस यांचेही बी ताजेच पेरावे. याउलट बहाव्याचे बी वर्षानुवर्षे टिकते, पण त्याचे कवच इतके टणक असते की ते दगडावर घासून पाण्यात भिजवल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. सागाची फळे आलटून पालटून भिजवून आणि उन्हात वाळवून मग पेरतात. हेदाचे बी मोहरीहून बारीक असते. ते मातीने झाकायचेही नसते, नुसते भुरभुरायचे असते आणि पाणी फवाऱ्याने द्यायचे असते. पहिल्या प्रयत्नात मी झारीने पाणी घातले आणि सगळे बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात वाहून गेले.

बीजगोळे फेकल्याने जंगल वाढते का?

फारसे नाही. मुलांना बी हाताळायला मिळते हा त्याचा खरा लाभ. उतारावर फेकलेल्या गोळ्यांपैकी बहुतेक पहिल्या जोरदार सरीत वाहून जातात, मुंग्या आणि उंदीर त्यांतील बी पळवतात, आणि जे उगवते ते गवतात गुदमरते. बी पेरायचेच असेल, तर जमीन किंचित उकरून, गवत बाजूला करून पेरावे आणि जागा लक्षात ठेवावी.

मियावाकी पद्धतीची दाट लागवड करावी का?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावतात. छोट्या मोकळ्या जागेत झटपट हिरवाई हवी असेल, तर तिचा उपयोग होतो. परंतु येऊरसारख्या पानझडीच्या जंगलात झाडांमध्ये अंतर असते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि खाली गवत, कारवी, वेली यांचा संसार असतो. तेथे दाट लागवडीचा आग्रह धरू नये. दाटीत झाडे उजेडासाठी उंच जातात, पण घेर भरत नाही, हे टेप लावला की लगेच कळते.

आमच्या सोसायटीत कोणती देशी झाडे लावावीत?

जागा पाहून ठरवावे. इमारतीपासून लांब, मोकळी जमीन असेल तर बिबळा किंवा कोशिंब. मध्यम जागेत तामण, बहावा, आपटा, बकुळ. तामणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, तरी आपल्या रस्त्यांवर ते अजून हवे तितके दिसत नाही. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ किंवा मलवाहिनीजवळ लावू नयेत. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून ठेवावेत आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. पिशवीत मुळे गोलगोल गुंडाळलेली असतील, तर ती हलकेच मोकळी करावीत. तशीच लावली, तर ती वर्षांनंतर स्वतःच्याच खोडाला फास लावतात.

झाडाभोवती फरशी बसवली तर काय बिघडते?

मुळांना हवा लागते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे प्रामुख्याने वरच्या थरात असतात. त्यावर काँक्रीट ओतले की पाणी आणि हवा दोन्ही बंद होतात. आमच्या आवारातील जुन्या असाण्याभोवती एका कंत्राटदाराने सुट्टीच्या दिवशी बुंध्याला टेकवून फरशा बसवल्या आणि त्यासाठी आड येणारी दोन जाड मुळे तोडली. पुढच्या दोन वर्षांत वहीत घेराचा आकडा जवळपास हलला नाही, आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका बाजूच्या फांद्यांना पालवीच फुटली नाही. फरशा काढून बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी केल्यावर झाड सावरले, पण एका बाजूने ते आजही विरळ आहे. पावसाळ्यात उन्मळून पडणाऱ्या अनेक झाडांची मुळे आधीच केबल किंवा गटाराच्या चरासाठी कापलेली असतात.

स्वतःच्या आवारातील झाड तोडायला परवानगी लागते का?

लागते. शहरी भागातील वृक्षांच्या संरक्षणासाठी राज्यात १९७५ चा अधिनियम आहे आणि त्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या संमतीशिवाय खासगी जागेतलेही झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली. झाडाच्या वयाला त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने वजन आले आहे. ज्या वसाहतीकडे पंधरा-वीस वर्षांच्या घेराच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे असतील, तिला हरकत नोंदवताना नुसत्या भावनेवर विसंबावे लागणार नाही.

खाडीकाठच्या खारफुटीच्या वाढीला आणि मोजणीलाही हेच सगळे लागू आहे का?

मोजणीची शिस्त तीच, बाकी सगळे वेगळे. तिवर, चिपी, कांदळ यांची वाढ पावसापेक्षा भरती-ओहोटीच्या पाण्यावर अवलंबून असते, आणि ते पाणी भरावाने अडवले तर उभे झाड वाळते. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य खारफुटी वृक्ष आहे. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर चिखलात उतरून मोजणी करण्यापेक्षा वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपक्रमात सहभागी होणे बरे.

एकट्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

पाच झाडांपासून. शिलाईच्या कामाचा दीड मीटरचा टेप पुरतो, खोड जाड असेल तर सुतळीने घेर घेऊन ती टेपवर मोजावी. वहीत झाडाचे नाव, जागेची खूण, तारीख, घेर, पालवी, फूल आणि फळ यांची स्थिती लिहावी. शेवटचा रकाना मी ‘खाली काय?’ असा ठेवला आहे. त्यात झाडाच्या सावलीत त्याच जातीची किती रोपे दिसली आणि ती घोट्याएवढी, गुडघ्याएवढी की कमरेएवढी आहेत, ते लिहितो. आमच्या बिबळ्याखाली सलग चार वर्षे या रकान्यात शून्य होते, कारण माळी झाडलोट करताना सगळा पाला आणि त्यासोबत फळेही गोळा करून नेत असे. त्याला समजावल्यावर त्याने कुंपणाकडची एक पट्टी झाडायची थांबवली. गेल्या डिसेंबरमध्ये तेथे घोट्याएवढी तीन रोपे होती, त्यांपैकी एकाचा शेंडा वाळलेला होता.